पहिल्या रांगेतला माणूस

३ नोव्हेंबर

ताई,

फोनवर आपण दोघं बोललो की पाचव्या मिनिटाला भांडण होतं आणि सहाव्या मिनिटाला तू फोन ठेवून देतेस, म्हणून लिहितोय. पत्र तू मध्येच बाजूला ठेवलंस तरी ते बोलायचं थांबत नाही, एवढा त्याचा फायदा.

आमच्या क्लबला तुमच्या रग्बी संघटनेचा कागद आला. आपला संघ या मोसमात दोन वेळा मैदानावर उतरू शकला नाही, तिसऱ्यांदा असे घडल्यास सदस्यत्व रद्द होईल, वगैरे. खाली चिटणीस म्हणून तुझी सही. माझ्या बायकोने वाचलं आणि म्हणाली, ताईंची सही किती वळणदार आहे. मी म्हटलं, फाशीच्या हुकमावरची सहीसुद्धा वळणदार असू शकते.

आता आमचं ऐक. कागदाची गिरणी चालू होती तेव्हा आमच्या क्लबात दोन संघ होतील एवढी माणसं होती. दुपारची पाळी सुटली की अंग न धुता पोरं थेट मैदानावर. गिरणी बंद झाली आणि एकेक जण कामाच्या शोधात पांगला. मी राहिलो, कारण बंद गिरणीलाही राखणदार लागतो. आता सरावाला आम्ही अकरा जण असतो, त्यातल्या एकाचा गुडघा पावसाळी हवामान सांगतो आणि एकाला चष्म्याशिवाय चेंडू दिसत नाही. तरी शनिवारी संध्याकाळी गिरणीच्या गेटला कुलूप लावून मैदानाकडे वळलो की माझ्या पायांत जीव येतो. आठवड्यात तेवढा एकच दिवस मी कशाची तरी राखण करत नसतो.

काहीतरी वाट सांग. चिटणीस म्हणून सांग. नाहीतर राहू दे, बहीण म्हणूनच सांग.

तुझा
धाकटा


१४ नोव्हेंबर

धाकट्या,

फाशीचं वाचून हसले, आणि मग नाही हसले.

आमचा कारभार तुला वाटतो तेवढा थोर नाही. दिवसभर मी कोर्टात दुसऱ्यांच्या जबान्या टंकत असते आणि संध्याकाळी टायरच्या दुकानाचा जिना चढून संघटनेच्या खोलीत येते. खोलीला कायम नव्या रबराचा वास. एक कपाट, एक लांब टेबल, अध्यक्षांची हात असलेली खुर्ची आणि आमच्या बिनहाताच्या. मी आले तेव्हा या भागातले वीसेक क्लब आमच्याकडे होते, आता त्याच्या निम्मेच उरलेत. शिक्षक, ड्रायव्हर, वकील, हमाल, सगळे आठवडाभर राबून शनिवारी चिखलात लोळणारे. खेळायचे पैसे कोणालाच मिळत नाहीत, त्यामुळे भांडणं होतात ती फक्त मानापमानाची, आणि ती काही केल्या मिटत नाहीत.

वाट आहे. पंधरा जण हवेतच असं नाही, बारा उभे राहिले तरी सामना धरला जातो. बारा गोळा कर. कुठूनही कर.

दुसरा नियम तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण तू सोयीचं तेवढंच लक्षात ठेवतोस. स्क्रममध्ये दोन्हीकडचे गडी खांदे गुंतवून एकमेकांत डोकी घालतात, तेव्हा सगळा भार पहिल्या रांगेतल्या तिघांच्या मानेवर येतो. ते तिघे शिकलेलेच हवेत. तसे तिघे नसतील तर रेफ्रीला आधी सांगायचं. मग स्क्रम नावापुरता लागतो, कोणी कोणाला ढकलत नाही. पण तसा सामना आपल्याकडे न खेळल्यात जमा होतो. तुझे पहिल्या रांगेतले तिघे शाबूत आहेत ना? त्यांना जप. बाकीची भरताड चालेल.

बायकोला सांग, सही आईकडून आली आहे. तुला आईकडून फक्त हट्ट आला.

ताई


१५ डिसेंबर

ताई,

बारा सोड, काल आम्ही तेरा उतरलो. मोठ्या फरकाने हरलो, आकडा विचारू नकोस. पण सामना धरला गेला.

माणसं कुठून आणली ते ऐक. एक बसचा कंडक्टर, ज्याला मी फुकट कागदाचे गठ्ठे दिले होते, त्याने उपकार फेडले. एक दवाखान्यातला कंपाउंडर. आणि आमच्या चौकातला सलूनवाला. हा सलूनवाला म्हणजे चाळिशीचा, बुटका, मान म्हणशील तर खांद्यांतच बुडालेली. दिवसभर उभं राहून पिंडऱ्या अशा झाल्यात की खांब. मी दाढीला गेलो होतो. क्लबची रडगाणी गात होतो, तर त्याने वस्तरा थांबवून विचारलं, मी चालेन का? मी म्हटलं, पळता येतं का? तो म्हणाला, पळायचं कधी कारणच पडलं नाही.

खरंच पळता येत नाही त्याला. आम्ही त्याला अगदी कडेला ठेवलं, जिथे चेंडू सहसा पोचत नाही. एकदाच पोचला. त्याने तो पोटाशी धरला आणि तिथेच बसला. त्याच्यावर सहा माणसं पडली. ढिगातून बाहेर आला तेव्हा दात विचकून हसत होता, तोंडात माती. परतताना म्हणाला की लग्नानंतर एवढं कोणी जवळ घेतलं नव्हतं. आज दुकानात प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बरगड्यांवरचं काळंनिळं दाखवत होता. त्याची बायको माझ्यावर चिडली आहे, पण लटकंच.

मोसम संपेपर्यंत टिकलो तर पुढच्या वर्षी बघू. मला आता वाटतं, टिकू.

धाकटा


२९ जानेवारी

धाकट्या,

पत्राला उशीर झाला. परवा कार्यकारिणीची बैठक होती, तिच्या कामात होते.

विशेष काही नाही. थंडीने कंबर धरली आहे.

एक सांगायचं होतं. तुम्ही खूप धडपड केलीत, ते सगळ्यांना दिसतं. पण आता जिवावर उदार होऊ नका. एखाद्या शनिवारी माणसं नाही जमली तर नाही जमली. उरलेल्या सामन्यांतला एखादा राहिला तरी आभाळ कोसळणार नाही. तूही आता पन्नाशीला टेकलास. शनिवारी संध्याकाळी बायकोला घेऊन जरा नदीवर जात जा.

सलूनवाल्याला माझा नमस्कार. त्यालाही सांग, बरगड्या जप.

ताई


७ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि बायकोलाही वाचायला दिलं, म्हटलं मलाच टोचतंय की खरंच टोचण्यासारखं आहे. ती म्हणाली, ताईंना तुमची काळजी वाटते. मला तसं वाटलं नाही.

एखादा सामना राहिला तर आभाळ कोसळणार नाही म्हणतेस. तिसरा सामना राहिला तर क्लब जातो, हे तूच लिहून कळवलंस. मग ते खोटं होतं की हे खोटं? मला वाटतं, खोटं काहीच नाही. तू फक्त आमच्यावरचा विश्वास सोडलास. बैठकीत कोणीतरी आमच्यावर हसलं असेल, आणि तुला माझी लाज वाटली असेल. लहानपणी शर्यतीत मी मागे पडलो की तू अशीच म्हणायचीस, राहू दे, पाय दुखतील.

ऐक, राहू दे नाही. शेवटचा सामना सात मार्चला आमच्याच मैदानावर आहे. तो खेळला की मोसम संपला आणि क्लब वाचला. आमचा बॉयलरवाला, पहिल्या रांगेतला, बंदरावर नोकरी लागली म्हणून गेला. जाताना रडला. पण तू काळजी करू नकोस, मी व्यवस्था केली आहे.

धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

लाज कसली? मला तुझी लाज वाटली असती तर मी तुला पत्र तरी लिहिलं असतं का?

बॉयलरवाल्याच्या जागी कोण? व्यवस्था म्हणजे काय केलीस? शिकलेला माणूस नसेल तर रेफ्रीला सरळ तसं सांग, ढकलाढकली नको म्हणावं. सामना धरला गेला नाही तरी चालेल. मी सांगते, चालेल. याहून जास्त मला लिहिता येत नाही, एवढं ऐक.

उत्तर लगेच पाठव.

ताई


९ मार्च

ताई,

सामना झाला. शेवटपर्यंत झाला नाही, पण रेफ्रीने तो धरला आहे. क्लब वाचला.

सलूनवाल्याच्या मानेला लागलंय. जिल्ह्याच्या इस्पितळात आहे. तपासण्या चालू आहेत. सूज उतरली की कळेल म्हणतात.

मी इस्पितळातच आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

धाकटा


१३ मार्च

धाकट्या,

रेफ्रीचा अहवाल काल आला. माझ्याच टेबलावर येतो, मीच फोडते.

त्यांनी लिहिलंय की सामन्याआधी त्यांनी तुला विचारलं, पहिल्या रांगेतले तिघेही शिकलेले आहेत का, आणि तू हो म्हणालास. तिसऱ्या स्क्रमला तुमची बाजू खचली. बॉयलरवाल्याच्या जागी उभ्या केलेल्या सलूनवाल्याचं डोकं जमिनीकडे गेलं आणि दोन्हीकडचा रेटा त्याच्या मानेवर आला. सगळे उठले, तो उठला नाही. त्याने विचारलं, माझे पाय कोणी धरलेत का? कोणी धरले नव्हते.

हे खरं आहे का? तो कसा आहे? सूज म्हणू नकोस, डॉक्टर काय म्हणतात ते लिही.

चौकशी बसेल. तारीख कळवतील. मी अध्यक्षांना म्हटलं की माझा भाऊ आहे, मला यातून वगळा. ते म्हणाले, मतदान करू नका, पण कामकाज लिहून घ्यायला दुसरं कोण आहे? खरंच कोणी नाही.

तू जेवतोस ना?

ताई


१६ एप्रिल

ताई,

चौकशीनंतर मी तुला न भेटता जिना उतरलो. तू वरून हाक मारलीस, ती ऐकली होती.

डॉक्टरांचं आधी लिहितो, तू विचारलं होतंस. मानेखाली काही नाही. हात नाही, पाय नाही. बोलतो, खातो, श्वास स्वतःचा स्वतः घेतो, आणि हे नशीब समजा असं डॉक्टर म्हणाले. त्याच्या बायकोने विचारलं, हात कधी? डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, जणू मी सांगणार होतो.

आता चौकशीच्या दिवसाचं. मी काही लपवायला आलो नव्हतो. त्याला आम्ही दोन आठवडे गिरणीतल्या हातगाडीला खांदा लावून ढकलायला लावलं होतं, तेवढंच त्याचं शिक्षण. रेफ्रीला मी हो म्हणालो, हे मी सगळ्यांसमोर कबूल केलं. अध्यक्षांनी विचारलं, असं का केलंत? मी म्हटलं, सामना धरला गेला नसता तर क्लब गेला असता.

त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच नवल वाटलं होतं. म्हणाले, "अहो, तुमचा क्लब तर जानेवारीतच वगळला होता. तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

आणि त्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मग टेबलाभोवतीच्या सगळ्यांनी तुझ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तू मान वर केली नाहीस. तू लिहीत होतीस. 'तुम्हाला ठाऊक नव्हतं', हेसुद्धा तू लिहून घेतलंस.

खाली टायरवाल्याच्या ओट्यावर मी बराच वेळ बसलो होतो. मला तुझा राग आला असता तर बरं झालं असतं. तुझं जानेवारीचं पत्र मला आठवत होतं, नदीवर जात जा म्हणणारं.

आता लिहू नकोस.

धाकटा


२२ एप्रिल

धाकट्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते.

बैठकीत ठरलं होतं की पुढच्या वर्षी छोटे तीन क्लब वगळायचे, त्यात तुमचा. अध्यक्ष म्हणाले, आत्ताच कळवलं तर हे लोक उरलेले सामने खेळणार नाहीत आणि बाकीच्यांचं वेळापत्रक कोलमडेल. मोसम संपेपर्यंत कोणी तोंड उघडायचं नाही. मी हात वर केला नाही, पण विरोधही केला नाही. शब्द दिला आणि घरी आले.

मग तुला पत्र लिहायला बसले. पहिला कागद फाडला, त्यात सगळं लिहिलं होतं. दुसऱ्यात 'राहू दे' एवढंच लिहिलं. तुला ते टोचेल हे माहीत होतं, पण तू रागावून का होईना थांबशील असं वाटलं. तुझ्यात पन्नास वर्षांत जे कधी दिसलं नाही, त्यावर मी भिस्त ठेवली.

आणि एक कारण होतं. डिसेंबरच्या पत्रात तू इतका खुशीत होतास. तुझी तेवढी खुशी गिरणी बंद झाल्यापासून मी पाहिली नव्हती. म्हटलं, मार्चपर्यंत राहील तेवढी राहू दे.

चौकशीत मी मान वर केली नाही, कारण वर केली असती तर लिहिता आलं नसतं.

ताई


११ जून

धाकट्या,

एप्रिलमध्ये पाठवलेलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तुला मिळालं असावं. तुझ्या बायकोने फोनवर सांगितलं की तू ठीक आहेस, रात्रीची पाळी घेतली आहेस, आणि सकाळी सलूनवाल्याकडे जातोस. याहून जास्त ती बोलली नाही. पूर्वी ती मला फोन ठेवू द्यायची नाही.

इथलं सांगते, तुला त्याचं काही नसलं तरी. अपघातानंतर क्लबांनी धास्ती घेतली. कोणाच्या बायकांनी बूट जाळले, कोणाच्या मालकांनी शनिवारची सुट्टी बंद केली. वगळायचे होते तीन, पण स्वतःहून गेले पाच. मी राजीनामा दिला. अध्यक्ष म्हणाले, मंजूर करायला बैठक लागते. शेवटी संघटना बरखास्त करायची असं ठरवून सगळ्यांची सभा बोलावली. मी, अध्यक्ष आणि एक वकील, एवढेच आलो. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, नियम पाहिला आणि म्हणाले, गणसंख्या नाही, बरखास्त होता येत नाही.

आम्ही तिघांनी खुर्च्या भिंतीला लावल्या. मग मी दिवा मालवला. संघटना आहे अजून, कागदावर. तिची चिटणीस मी आहे.

मी तुमच्याकडे येऊ का? त्याला भेटायला, तुला भेटायला. त्याच्या बायकोच्या पाया पडायला. तू नको म्हणालास तर येणार नाही.

ताई


३० ऑगस्ट

ताई,

उत्तर द्यायला उशीर केला. रागाने नाही. रोज पाळी संपवून तिकडे जातो, परत येऊन झोपतो, आणि उठलो की पुन्हा पाळीची वेळ झालेली असते.

तो घरी आला आहे. वरच्या मजल्याचा जिना अरुंद, पलंग वळेना, म्हणून त्याला खाली दुकानातच ठेवलंय. खुर्च्या काढून टाकल्या आणि मधोमध पलंग लावला. भिंतीवर तिन्ही बाजूंनी आरसे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला की जिकडे पाहावं तिकडे मीच आडवा. त्याच्या बायकोने आरशांवर जुन्या चादरी टाकल्या. ती आता समोरच्या इमारतीतले जिने पुसायला जाते. माझ्याशी बोलते, पण पाहत नाही.

तो मात्र माझ्यावर रागावत नाही. मी सुरुवातीला एकदा सांगायला लागलो, रेफ्रीचं, जानेवारीचं, सगळंच. तो म्हणाला, "मला तू बोलावलं नव्हतंस. मी विचारलं होतं." मग मी तो विषय काढला नाही. त्याने रागवावं असं मला फार वाटतं.

मी काय करतो म्हणशील, तर कूस बदलतो, भरवतो, वर्तमानपत्र वाचून दाखवतो. क्रीडापान आलं की पान उलटतो. रविवारी त्याची दाढी करतो. त्याला दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही, आणि माझा हात चालण्यासारखा नाही. तो पडल्या पडल्या सूचना देतो, बारीकसारीक, जसा नवा कारागीर ठेवलाय.

येऊ का विचारतेस. ये. पण तू येऊन काय करशील ते मला कळत नाही. मी रोज जातो, आणि मी काय करतो तेही मला कळत नाही. ते पत्र तू का लिहिलंस आणि ते पहिलं का फाडलंस, हे मला गेल्या रविवारपर्यंत समजत नव्हतं. आता समजतं. त्याने बरं काही वाटत नाही.

त्या रविवारी मी गरम पाण्याचा मग पलंगाच्या कडेवर ठेवला होता. वळताना माझं कोपर लागलं आणि सगळं पाणी त्याच्या उजव्या हातावर सांडलं. नुकतं उतरवलेलं, वाफाळतं पाणी. मनगटापासून कोपरापर्यंत हात लालबुंद झाला. तो वर छताकडे पाहत होता आणि सांगत होता, वस्तरा आडवा नको, तिरका धर, हनुवटीखाली कातडं ताणून घे. मी टॉवेल घेतला, त्याचा हात हळूच टिपला आणि चादरीखाली सारला. मग हनुवटीखालचं कातडं ताणून घेतलं आणि वस्तरा तिरका धरला.

तो म्हणाला, "आता जमायला लागलं तुला."

धाकटा